घरी गिटारचं वायरिंग करायचंय, सोल्डरिंग स्टेशन कुठलं घ्यायचं? सोलापुरातून सविस्तर रिव्ह्यू

सोलापुरात गिटार वाजवणारे आता काही कमी राहिले नाहीत. ऑर्केस्ट्रावाले आहेत, चर्चमध्ये वाजवणारे आहेत, कॉलेजचे बँड आहेत, गणपती-नवरात्रात तर चांगल्या गिटारवाल्याची तारीख मिळत नाही. पण जॅक ढिला झाला, व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखालचा भाग) खरखर करायला लागला, पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाची) वायर तुटली की सगळे पुण्याचं नाव घेतात. अडीचशे किलोमीटर जाऊन एक वायर जोडून आणायची हे मला कधीच पटलं नाही, कारण इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात असतं तरी काय, दोन-तीन पिकअप, दोन-तीन पॉट, एक सिलेक्टर स्विच, एखादा कपॅसिटर आणि जॅक. मोबाईलच्या बोर्डापुढं हे फारच सोपं सर्किट आहे आणि घरी अगदी व्यवस्थित होतं, फक्त हातातलं हत्यार, म्हणजे सोल्डर वितळवणारा आयर्न किंवा त्याचं टेंपरेचर सांभाळणारं स्टेशन, नीट पाहिजे. मी जुळे सोलापुरात घरीच हे काम करतो, स्वतःच्या आणि मित्रांच्या गिटारी, आणि "काय बे, स्टेशन कुठलं घेऊ?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता एकदाच सगळं लिहून टाकतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी ऑनलाईनच्या जाहिरातीत कुठंच सापडणार नाही. गिटारमध्ये सोल्डरिंगला अवघड जागा एकच आहे, पॉटची पाठ. पॉटच्या तीन पायांवर, स्विचच्या टोकांवर, जॅकच्या पत्र्यावर कुठल्याही साध्या आयर्ननं सोल्डर बसतं. पण अर्थच्या (ग्राउंडच्या) सगळ्या वायरी, म्हणजे पिकअपची काळी, ब्रिजखालून येणारी, जॅककडं जाणारी, ह्या बहुतेक गिटारींत पॉटच्या धातूच्या टोपणावर मागून सोल्डर केलेल्या असतात. ते टोपण चांगलं मोठं असतं, फुल साईझच्या पॉटचं साधारण २४ मिलीमीटर, आणि त्यावर बिट (आयर्नचं तापणारं टोक) टेकवली की ते सगळी उष्णता ओढून घेतं. बिटचं टेंपरेचर धाडकन खाली येतं. आता मागं हीटरमध्ये ताकद असेल आणि बिट जाड असेल तर ते दोन सेकंदात परत वर येतं आणि सोल्डर पसरतं. ताकद नसेल तर तुम्ही तिथंच पंधरा-वीस सेकंद आयर्न दाबून बसता, तोवर उष्णता आत उतरते, आतला कार्बनचा ट्रॅक आणि ग्रीस खराब होतं, आणि नवाकोरा पॉट पहिल्याच दिवसापासून खरखर करतो. म्हणजे कमी ताकदीचा आयर्न सुरक्षित असतो असं जे सगळ्यांना वाटतं ते गिटारच्या कामात बरोबर उलटं आहे. जोरात गरम करून पटकन उचलणारा आयर्न पॉटला जपतो.

म्हणून माझं सरळ मत असं आहे की गिटारसाठी स्टेशन घेताना डिस्प्ले किती मोठा, किती बटणं, ४८० डिग्रीपर्यंत जातं की ५००, हे काहीही बघू नका. पॉटच्या पाठीवर ते कसं वागतं तेवढं बघा. आपल्याला आख्ख्या कामात ३३० ते ४०० च्या पुढं जायचंच नाहीये.

आता एकेक घेतो.

२५ वॉटचा साधा आयर्न. सोल्ड्रॉनचा आपल्या सगळ्यांच्या घरात असतो, इंजिनिअरिंगच्या पोरांकडं तर असतोच. वस्तू म्हणून मला त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, स्वस्त आहे, टिकतो, स्पेअर मिळतं, जॅकची वायर लावायला आणि स्विचला पुरेसा आहे. पण पॉटच्या पाठीला तो पुरत नाही, आणि टेंपरेचर कंट्रोल नसल्यामुळं चालू ठेवून दिला की रिकामाच तापत राहतो, मग पहिल्या जोडाला जास्त गरम आणि मोठ्या जोडाला थंड असा प्रकार होतो. फक्त जॅक बदलायचा असेल तर ह्याच्यावर भागवा, स्टेशन घेऊ नका. उपाय म्हणून काहीजण ६० किंवा १०० वॉटचा साधा आयर्न आणतात, तोही घेऊ नका, कारण त्यानं पॉटची पाठ होते पण त्याच हातानं पिकअप निवडायच्या फाईव्ह-वे स्विचवर गेलात की स्विचचं प्लास्टिक वितळतं, वायरचं कव्हर मागं सरकतं.

९३६ टाईपचं स्टेशन. मी स्वतः बराच काळ हेच वापरतोय आणि पहिलं स्टेशन म्हणून हेच घ्या असं सांगेन. ९३६ हे मूळ जपानच्या हाक्को कंपनीचं मॉडेल, कंपनीनं ते कधीच बंद केलं, पण त्याची रचना इतकी चांगली होती की आज बाजारात दहा नावांनी तेच मिळतं. डब्यात जड ट्रान्सफॉर्मर, तो २३० चे २४ व्होल्ट करतो, हँडलमध्ये ५० वॉटचा सिरॅमिक हीटर, पुढं टेंपरेचरचा एक गोल नॉब, संपलं. डिस्प्ले नसलेलं घेतलं तरी चालतं, मी तर म्हणेन तेच बरं. नॉब ३५० वर आणला की काम चालू. हँडल हलकं आहे, वायर मऊ असते, आणि हे मऊ वायरीचं महत्त्व गिटारमध्ये काम करतानाच कळतं, कारण कॅव्हिटी, म्हणजे गिटारमधला वायरिंगचा खड्डा, अरुंद, कधी हात उलटा करून आत घालायचा, आणि मागं कडक वायर असली की ती हात ओढते आणि बिट नको तिथं गिटारच्या पॉलिशला लागते.

ह्या टाईपमध्ये जो फरक पडतो तो हीटर आणि बिटमध्ये. स्वस्त कॉपीमध्ये बिटच्या आतलं भोक जरा मोठं असतं, हीटर आणि बिटच्या मध्ये हवा राहते, नॉबवर ४०० आणि टोकाला तीनशेसुद्धा नाही असं होतं, मग लोक म्हणतात स्टेशनच भंगार आहे. स्टेशन ठीक असतं, बिट बदला. ९००एम सिरीजच्या बिट लागतात, त्या सगळीकडं मिळतात, मला नवी पेठेत मिळाल्या, नाहीतर पुण्याला बुधवार पेठेत कोणी जाणार असेल तर त्याला सांगायचं. जरा चांगल्या बनावटीची बिट घ्या, हीटरवर सरकवली की लडबड करता कामा नये.

हीटर बदलायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा, ह्याच्यात दोन जातीचे हीटर येतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. मूळ हाक्कोच्या जातीत सेन्सरच्या दोन वायरींत थंड असताना साधारण ४३ ते ५८ ओहम दिसतात आणि हीटरच्या दोन वायरींत अडीच ते साडेतीन. दुसऱ्या जातीत सेन्सरच्या जागी थर्मोकपल असतं, तिथं मीटरवर फक्त एक-दोन ओहम येतात. एकाच्या जागी दुसरा लावला की स्टेशनला टेंपरेचर चुकीचं कळतं आणि मग एकतर तापतच नाही नाहीतर तापतच सुटतं. त्यामुळं जुना हीटर जळायच्या आधीच, स्टेशन नवीन असतानाच हे ओहम मोजून डब्याच्या खाली मार्करनं लिहून ठेवा. दुकानदार "सगळ्याला हाच लागतो" म्हणून सांगतो, तो भरवसा ठेवू नका.

दुकानातून घेणार असाल तर घरातला एखादा जुना, बाद झालेला पॉट खिशात घालून घेऊन जा. दुकानदाराला सांगा जरा लावून दाखवा. पॉटची पाठ आधी घरूनच सँडपेपरनं घासून न्या. नॉब ३७० वर, बिटची सपाट बाजू पाठीवर टेकवायची, कडेला सोल्डर वायर लावायची. बघत राहा. चांगलं स्टेशन असेल तर दोन-तीन सेकंदात सोल्डर पाण्यासारखं पसरतं, कडा पातळ होत होत धातूत मिसळून जातात, वर चकाकी येते आणि उचलल्यावर ती तशीच राहते. कमकुवत असेल तर सोल्डर गोळा होऊन वर बसतं, कडेला नख घातलं की अख्खा गोळा उचलून येतो, आणि बिटसुद्धा कधीकधी जागेवर चिकटते. एवढी एक परीक्षा दहा रिव्ह्यू वाचण्यापेक्षा जास्त सांगते. दुकानदाराला त्रास वाटत नाही, उलट त्यालाही बघायचं असतं. ऑनलाईन घेतलं तर रिटर्नची मुदत संपायच्या आत घरी हेच करा.

टी१२ टाईपचं स्टेशन. हे ९३६ च्या पुढचं. ह्याच्यात हीटर आणि सेन्सर दोन्ही बिटच्या आतच असतात, मध्ये हवा नाही, त्यामुळं टोकाला उष्णता लगेच पोचते. बिटचा रेझिस्टन्स साधारण ८ ओहम, २४ व्होल्टवर म्हणजे जवळजवळ ७० वॉट, आणि ते सगळे टोकाजवळ. एका मित्राकडं आहे, त्याच्याकडं गेलो की मी मुद्दाम पॉटची कामं तिथंच करतो, खरंच सांगतो, फरक हाताला जाणवतो. थंड स्टेशन चालू करून वायर सोलेपर्यंत तयार असतं. हँडल ठेवून दिलं की आपोआप झोपतं, उचललं की जागं होतं, त्यामुळं बिटचं आयुष्य वाढतं. मग मी सरळ हेच घ्या का म्हणत नाही? दोन कारणं. एक म्हणजे बिट महाग, कारण प्रत्येक बिटसोबत हीटर आलाच, आणि सोलापुरात सहज मिळत नाही, ऑनलाईन मागवा आणि वाट बघा. दुसरं जास्त महत्त्वाचं, काही स्वस्त टी१२ डब्यांमध्ये आतून अर्थिंग नीट जोडलेलं नसतं, मागं थ्री पिन सॉकेट दिसतं पण डब्याच्या धातूला अर्थ पोचलेला नसतो. हे घरी मीटरनं बघावं लागतं, आणि कोणाला डबा उघडून वायर टाकणं जमत नसेल तर त्यानं ह्या फंदात पडू नये. महिन्याला चार-पाच गिटारी हाताखालून जाणार असतील आणि मीटर वापरता येत असेल तर मात्र टी१२ च घ्या, विचार करू नका.

पाईनसिल. पाईन६४ वाल्यांचा पेनासारखा छोटा आयर्न, टाईप-सी पीडी (जास्त ताकदीच्या) चार्जरवर चालतो. ६५ वॉटचा चांगला चार्जर असेल तर पॉटची पाठही करतो, फक्त सोबत येते ती अणकुचीदार बिट काढून चपटी लावा. कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी बॅगेत ठेवायला ह्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, अक्कलकोटला किंवा पंढरपूरला स्टेजच्या मागं जॅक तुटला तर तिथल्या तिथं लावता येतो. घरच्या टेबलावर मात्र मला स्टँड, स्पंज, सगळं एका जागी असलेलं स्टेशन आवडतं. शिवाय दोन पिनी चार्जरवर बिटला अर्थ मिळत नाही, ते पुढं सांगतो.

हाक्को एफएक्स-८८८डी बद्दल थोडक्यात. उत्तम आहे. दहा हजाराच्या वर जातं. गिटारच्या जोडासाठी तेवढे पैसे घालायची गरज नाही, वाचलेल्या पैशात चांगले पॉट, चांगला स्विच आणि चांगला जॅक घ्या, आवाजाला त्याचा जास्त उपयोग. आणि बाहेरून कोणी आणून देत असेल तर खालचं व्होल्टेज वाचा, अमेरिकेतलं मॉडेल आपल्या २३० वर लावायचं नाही.

बिट कुठली, ह्यावर मी स्टेशनपेक्षा जास्त बोलेन. जवळपास सगळ्या स्टेशनसोबत सुईसारखी टोकदार बिट येते. बारीक टोक म्हणजे बारीक काम असं वाटतं, पण त्या टोकाचा धातूला स्पर्शच एवढासा होतो की उष्णता जायला वाटच नाही. ९३६ वाल्यांनी ३.२ मिलीमीटरची चपटी बिट घ्यावी, म्हणजे ९००एम-टी-३.२डी, आणि पॉटचे पाय व स्विचसाठी २.४डी. टी१२ वाल्यांना डी२४ एकच सगळीकडं चालते. पाठीला ३७० ते ४००, पायांना आणि स्विचला ३३० ते ३५०, आणि तिथं एक-दोन सेकंदाच्या वर थांबायचं नाही. ह्या बिटवर लोखंडाचा पातळ थर असतो, त्यामुळं जुन्या तांब्याच्या बिटला रेडिओवाले जशी कानस मारायचे तशी मारायची नाही, थर गेला की बिट संपली. बंद करताना टोकावर ताजं सोल्डर लावून ठेवा, एवढ्यानं बिट वर्षानुवर्षं टिकते.

स्पंजबद्दल आपल्याकडची एक अडचण आहे, बोअरचं पाणी. आपलं पाणी जड, स्पंजवर तेच टाकलं की बिटवर क्षार बसतात आणि ती काळी पडून सोल्डर धरेनाशी होते. आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी टाका, स्पंज पिळून फक्त ओलसर ठेवा. त्यापेक्षा पितळी तारेचा गोळा मिळतो तो घ्या, बिट थंड होत नाही आणि पाण्याची भानगडच नाही. भांडी घासायची स्टीलची घासणी नको.

सोल्डर वायर ६०/४० किंवा ६३/३७, ०.८ मिलीमीटर, आत रोझिन फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारी राळ) असलेली. ६३/३७ बरोबर १८३ डिग्रीला वितळते आणि तिथंच घट्ट होते, मधली अर्धवट मऊ अवस्थाच नाही, त्यामुळं वायर हलून ड्राय जोड (वरून लागलेला दिसतो पण नीट धरत नाही असा) व्हायची भीती कमी. शिसं नसलेली वायर २१७ च्या पुढं वितळते, पॉटच्या पाठीवर तिचा त्रास होतो. लेडवाली वापरली की काम झाल्यावर साबणानं हात धुवायचे, त्या टेबलावर चहा-नाष्टा नाही. आणि नळाला, पत्र्याला लावायची ॲसिडची पेस्ट गिटारमध्ये कृपा करून घालू नका, आज सोल्डर छान बसतं आणि काही महिन्यांत वायर हिरवी होऊन तुटते. माझ्याकडं आलेल्या एका स्ट्रॅट टाईप गिटारमध्ये जॅकच्या मागं असंच झालेलं, वायर हातात घेतली आणि चुरा झाला.

उन्हाळ्यात पंख्याखाली काम करायची इच्छा होते, आपला एप्रिल-मे कसा असतो सांगायला नको, पण पंख्याचा झोत थेट बिटवर आला तर जोड थंड बसतात. पंखा मागं किंवा बाजूला ठेवा, धूर खिडकीकडं जाईल असा. तो धूर फ्लक्सचा असतो, छातीला चांगला नाही. गिटारच्या खाली मी जुनी सोलापुरी चादर दुमडून टाकतो, सुती असल्यामुळं गरम थेंब पडला तर डाग पडतो पण फोमसारखी वितळून गिटारला चिकटत नाही, आणि कॅव्हिटीच्या भोवती पुठ्ठा कापून लावतो, कारण सोल्डरचा एक शिंतोडा पॉलिशवर पडला तर तो निघत नाही.

शेवटचं अर्थिंग, ह्यात आळस करू नका. थ्री पिन प्लग असलेलंच स्टेशन घ्या. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून बिटचं टोक आणि प्लगची मोठी पिन तपासा, २ ओहमच्या आत यायला पाहिजे. नंतर भिंतीतल्या सॉकेटला खरंच अर्थ आहे का तेही वायरमनकडून बघून घ्या, जुन्या घरांत आणि चाळींत तीन भोकं दिसतात पण मागं तिसरी वायरच नसते. अर्थ नसलेल्या बिटवर विजेची हलकी गळती असते, साध्या पिकअपला आणि पॉटला त्यानं काही होत नाही, पण ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप किंवा ॲकॉस्टिक गिटारमधला ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीॲम्प असेल तर त्यातला आयसी जाऊ शकतो. पाईनसिलवर काम करताना म्हणूनच अशा गिटारीत जपून, बिटच्या सर्किटला वेगळी अर्थची वायर जोडल्याशिवाय नको. आणि काहीही सोल्डर करायच्या आधी बॅटरी बाहेर काढा आणि ॲम्पची केबल गिटारमधून उपसून ठेवा.